अकरावा प्रश्न : लोकसभेचा एक दिवस, सोलापूरच्या पूर्व भागातून

हे प्रकरण एका विडी कामगार संघटनेचं आहे. माणसांची, कारखान्याची आणि खासदारांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, काही बदलले आहेत. खासदार सोलापूरचे नव्हते, एवढं सांगायला हरकत नाही. मी संघटनेत कागदपत्रं बघतो. अर्ज भरायचे, झेरॉक्सचे गठ्ठे लावायचे, खिडकीसमोर उभं राहायचं. विडी कामगार बायकांच्या अडलेल्या पेन्शनबद्दल लोकसभेत गेलेला प्रश्न लिहिण्यात माझा हात होता, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या बऱ्याच माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी कुठल्याही बोळातून चालत जा, उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतील. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर धरून कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडून दोरा गुंडाळायचा. नातवाला दटावताना, शेजारणीशी भांडतानाही हात चालूच. मजुरी हजारावर मिळते. माल कारखान्यात नेला की तपासणी होते. पसंत न पडलेल्या विड्या छाटात जातात आणि छाटाचे पैसे मिळत नाहीत. यांतल्या पुष्कळ जणी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या. नवरा यंत्रमागावर, बायको विडीवर, हे इथलं पिढ्यांचं गणित. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली तीही विडी कामगार बायकांसाठीच.

या बायकांचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत त्यांचा हक्क असतो. दहा वर्षं सेवा आणि वयाची ५८ वर्षं पूर्ण झाली की पेन्शन. सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम महिना १,००० रुपये. ज्यांना ही रक्कम हसण्यासारखी वाटते त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांचं महिन्याचं बिल आणि गॅसची टाकी यांची बेरीज करून बघावी.

अडचण

अडचण नावाची होती. ज्यांच्या प्रकरणावरून हे सगळं सुरू झालं त्यांना इथे अक्का म्हणतो. गल्लीत सगळे तेच म्हणतात. अक्का लग्नाआधीपासून विड्या वळत होत्या. कारखान्याच्या रजिस्टरात त्यांचं माहेरचं नाव, तेही तेलुगू आडनाव मराठी कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलेलं. ते इंग्रजीत आणताना तिसऱ्याच माणसाने आणखी एक अक्षर फिरवलं. आधारवर सासरचं नाव. जन्मतारीख रजिस्टरात अंदाजाने, आधारवर १ जानेवारी. माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यात १ जानेवारी इतक्या वेळा होती की त्या दिवशी पूर्व भागात नवीन वर्षाबरोबर अख्खी पिढी जन्मली असं वाटावं.

अशी तफावत दुरुस्त करायला संयुक्त घोषणापत्र लागतं, म्हणजे कामगाराबरोबर मालकाचीही सही. कारखाना चालू असेल तर चार खेटे घालून ती मिळते. अक्कांचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. सही कोणाची आणायची? भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या खिडकीवर एकदा एक उत्तर मिळायचं, पुढच्या महिन्यात दुसरं. त्यात भर म्हणजे बोटांची. चाळीस वर्षं पान आणि दोरा फिरवून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा.

एकट्या अक्का असत्या तर एकटीसाठी धावपळ केली असती. तसाच अडकलेला गठ्ठा हातभर उंचीचा झाला, तेव्हा संघटनेची बैठक बसली.

कोणते मार्ग होते

पहिली सूचना ठरलेलीच होती, कलेक्टर कचेरीवर मोर्चा. सोलापूरला मोर्चा नवा नाही, बायकाही तयार होत्या. पण निवेदन घेऊन ते वर पाठवण्यापलीकडे जिल्हाधिकारी काय करणार होते? विषय त्यांच्या अखत्यारीतला नाही.

दुसरी सूचना विधानसभेत लक्षवेधी लावण्याची. आमदारांशी ओळख होती, त्यामुळे मोह मोठा होता. इथे एका निवृत्त वकील काकांनी आम्हाला थांबवलं. ही योजना १९५२ च्या केंद्रीय कायद्यातून आलेली. मुंबईत किंवा नागपुरात प्रश्न गेला तर मंत्री ‘केंद्राकडे पाठपुरावा करू’ म्हणतील आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येईल. काका म्हणाले, ‘फोटो पाहिजे असेल तर लक्षवेधी लावा. पेन्शन पाहिजे असेल तर दिल्ली.’

दिल्लीतही वाटा अनेक. लोकसभेच्या याचिका समितीकडे अर्ज करता येतो. त्यावर खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि अर्ज मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. हा मार्ग आम्ही ‘वेळ लागेल’ म्हणून बाजूला ठेवला. पुढे लागलेला वेळ बघता हे कारण आज टिकत नाही. नियम ३७७ खाली खासदार जास्तीत जास्त २५० शब्दांत एखादा विषय मांडू शकतात, पण त्यावर मंत्री तिथल्या तिथे उत्तर देत नाहीत. शून्य प्रहराचं, म्हणजे खासदार तातडीचे विषय मांडतात त्या वेळेचंही तेच. आम्हाला उत्तर हवं होतं. म्हणून प्रश्न विचारायचं ठरलं.

तारांकित की अतारांकित, हा पहिला खरा निर्णय. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. अतारांकितला लेखी उत्तर मिळतं आणि विषय तिथेच मिटतो. तारांकितला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि ज्यांचा प्रश्न असतो त्यांना दोन पूरक प्रश्न विचारता येतात. आम्ही तारांकितवर बोट ठेवलं. मंत्री टीव्हीवर उभे राहून आमच्याविषयी बोलतील, ही कल्पनाच इतकी गोड होती की पुढचा विचार झाला नाही. तो विचार करणं माझं काम होतं.

प्रश्न कसा लिहिला

खासदारांच्या दिल्लीतल्या सहायक ताईंनी फोनवर नियम सांगितले. नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यायची. प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत बसवायचा. त्यात युक्तिवाद नको, टोमणा नको, आरोप नको, गरज नसताना कोणाचं नाव नको. कारखान्यात छाट काढतात तशीच लोकसभेच्या सचिवालयातही काढतात, हे मला तेव्हा कळलं.

नावाची बातमी अक्कांना सांगणं जड गेलं. ‘माझं नाव न्हाई त्यात? मग माझा प्रश्न कसा म्हणायचा त्याला?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘अक्का, तुमचं घातलं तर तुमच्या एकटीचं उत्तर येईल. नाव न घालता विचारलं तर सगळ्यांचं येईल.’ त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

प्रश्नाचे तीन भाग केले. पहिला भाग नोंदींतल्या तफावतीमुळे विडी कामगारांचे दावे अडतात हे सरकारला माहीत आहे का, असा. दुसऱ्यात गेल्या तीन वर्षांत असे किती दावे नाकारले याचा कार्यालयवार तपशील मागितला. तिसऱ्यात दुरुस्तीसाठी काय पावलं उचलली, हे विचारलं. बंद कारखान्याच्या बाबतीत सही कोणाची आणि किती दिवसांत, ही खरी नस मुद्दाम बाहेर ठेवली. डाव असा होता की मूळ प्रश्न सौम्य ठेवायचा, मंत्री नेहमीचं उत्तर देतील, मग खासदार पूरक प्रश्नात नेमकी नस पकडतील. दोन्ही पूरक प्रश्न हिंदीत लिहून, मोठ्या अक्षरात टाइप करून पाठवले. तेव्हा हा डाव मला फार हुशारीचा वाटला होता.

कोणते प्रश्न कोणत्या क्रमांकावर लागणार हे सोडतीने ठरतं. सोडतीत आमचा प्रश्न लागला, अकराव्या क्रमांकावर. आम्ही पेढे वाटले. अकरावा क्रमांक ऐकून सहायक ताई फोनवर दोन सेकंद गप्प झाल्या होत्या. त्या गप्प का झाल्या, हे मी विचारायला हवं होतं. प्रश्नोत्तराच्या तासात साधारण पाच-सहा प्रश्नच तोंडी होतात, हे मला नंतर समजलं.

तो दिवस

अर्थसंकल्पी अधिवेशनाचा दुसरा टप्पा, मार्च महिना. सोलापूरचं ऊन दहा वाजताच पत्र्यावर उतरलेलं. संघटनेच्या खोलीत एका कार्यकर्त्याच्या घरचा टीव्ही आणून संसद टीव्ही लावला. बायका सुपं घेऊनच आल्या, म्हणजे हात रिकामे राहायला नकोत. खोलीत तंबाखूचा वास, पंख्याची घरघर आणि लहान मुलं.

पावणेअकराला बाहेर आरडाओरडा झाला, ‘पाणी आलं, पाणी आलं!’ आमच्या भागात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, वेळ पक्की नसते. निम्म्या बायका सुपं तिथेच ठेवून पळाल्या. अक्काही गेल्या. मंत्री थांबतील, नळ थांबणार नाही, हा त्यांचा हिशोब बरोबरच होता.

अकराला कामकाज सुरू झालं. पहिला प्रश्न पुकारला, मंत्री उभे राहिले, आणि त्यांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत घोषणा सुरू झाल्या. विषय वेगळाच होता, त्या दिवशी देशभर गाजत असलेला. काही सदस्य फलक घेऊन मधल्या मोकळ्या जागेत उतरले. अध्यक्षांनी दोन-तीनदा जागेवर जायला सांगितलं. सव्वाअकरा उलटून दोन मिनिटं झाली होती, सभागृह १२ वाजेपर्यंत तहकूब.

अक्का परतल्या तेव्हा लुगड्याचा काठ ओला होता.

‘झालं का?’

‘झालं.’

‘काय म्हणले?’

‘काही नाही म्हणाले.’

‘मग झालं कसं म्हणतोस बाबा?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारा वाजता सभागृह पुन्हा भरलं, काही कागद पटलावर ठेवले गेले, पुन्हा गोंधळ, दोनपर्यंत तहकूब. बायका उठल्या. एक जण जाताना म्हणाली, ‘आमचा एक दिवस छाटात गेला.’

मी बसून राहिलो, आणि त्या दिवसातला सगळ्यात चमत्कारिक भाग मी एकट्यानेच पाहिला. दोन वाजता पुन्हा सुरू झालेलं सभागृह संध्याकाळी सहा वाजून गेले तरी शांतपणे चाललं. नियम ३७७ खालची निवेदनं वाचण्याऐवजी पटलावर ठेवायला सांगितली गेली, मग अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा. एकेक सदस्य उठून आपल्या भागातल्या रेल्वे फाटकापासून खतापर्यंत बोलत होता. बाकं अर्ध्याहून जास्त रिकामी. गणपूर्तीला एकूण ५४३ सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे ५५ जण लागतात. कॅमेऱ्यात तेवढे दिसत नव्हते, पण कोणी हरकत घेतली नाही तर काम चालतं. सकाळी वीस मिनिटं न टिकलेलं हे सभागृह संध्याकाळी चार तास टिकलं. टीव्हीवर रात्रीच्या बातम्यांत दिसली ती मात्र सकाळची वीस मिनिटंच.

दुपारी आलेला कागद

पाऊण वाजता सहायक ताईंचा व्हॉट्सॲप आला होता, सोबत पीडीएफ. तोंडी न झालेल्या तारांकित प्रश्नाचं उत्तरही पटलावर ठेवलं जातं आणि ते लेखी उत्तर धरलं जातं. म्हणजे उत्तर आलं होतं. गेले होते ते फक्त पूरक प्रश्न, आणि आमची नस तर तिथेच राखून ठेवलेली.

तिसऱ्या भागाचं उत्तर दीड पानाचं, उपाययोजनांची लांबलचक यादी. पहिल्या भागाला गोल उत्तर. दुसऱ्या, म्हणजे आकडेवारीच्या भागाला एकच वाक्य होतं. माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल.

मी वैतागून कागद वकील काकांकडे नेला. ‘हे बघा, टाळलं.’ काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. त्यांचं म्हणणं, टाळलं नाही, अडकले. मंत्र्याने सभागृहात ‘माहिती पटलावर ठेवू’ म्हटलं की ते आश्वासन ठरतं. कोणते शब्द आश्वासन धरायचे याची ठरावीक यादी आहे आणि हे वाक्य तिच्यात आहे. संसदीय कार्य मंत्रालय कामकाजातून अशी वाक्यं वेचून त्या त्या मंत्रालयाला कळवतं. पूर्ततेला मुदत तीन महिने. पूर्तता होते की नाही हे बघायला लोकसभेची शासकीय आश्वासन समिती आहे, १९५३ पासून.

त्या संध्याकाळी फोनवर दुसरा निर्णय झाला. सहायक ताईंच्या मते अर्धा तास चर्चेची नोटीस द्यावी. नियम ५५ खाली नुकत्याच झालेल्या प्रश्नावर ती मागता येते, तीन दिवस आधी नोटीस द्यावी लागते. मंत्र्यांना उभं करण्याची ती शेवटची संधी होती. काकांचं मत उलट. अधिवेशनाचे दिवस थोडे, गोंधळ रोजचा, पुन्हा टीव्हीसमोर बसून तोंडावर पडाल. त्यापेक्षा आश्वासनाचा पाठपुरावा करा आणि राहिलेले पूरक प्रश्न खासदारांच्या पत्रातून मंत्रालयाला विचारा. आम्ही काकांचं ऐकलं. आज वाटतं, दोन्ही करता आलं असतं. नोटिशीला पैसे पडत नव्हते.

निष्पत्ती

तीन महिने झाले, मंत्रालयाने मुदतवाढ मागितली. पुढच्या अधिवेशनानंतर माहिती पटलावर आली. कार्यालयवार तक्ता होता, नीट होता, आणि आमच्या कामाचा नव्हता. आकडे सगळ्या उद्योगांचे एकत्र. विडीचा वेगळा रकाना नाही.

मी मूळ प्रश्न पुन्हा काढून पाहिला. दुसऱ्या भागात छापलं होतं ‘असे दावे’. माझ्या पहिल्या मराठी मसुद्यात होतं ‘विडी कामगारांचे असे दावे’. १५० शब्दांत बसवताना मी स्वतः ते दोन शब्द काढले होते, पहिल्या भागात विडी आलीच आहे म्हणून. मंत्रालयाने जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. दोष त्यांना देता येत नाही.

कामाला आली ती दीड पानांची यादी, जी मी पहिल्या दिवशी वाचलीही नव्हती. तिच्यात मधेच एक वाक्य होतं की ठरावीक किरकोळ तफावतींची दुरुस्ती स्थानिक पातळीवरच करता येते. प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख दिसेल असं ते पान आम्ही प्रत्येक अर्जाला जोडलं. खिडकीवरच्या साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं, ‘हे कुठून आणलं?’ म्हणाले आणि आत नेलं. त्यानंतर एका अक्षराच्या, एका काना-मात्रेच्या तफावतीची प्रकरणं हलू लागली. गठ्ठा अर्ध्यावर आला.

बंद कारखान्यांची प्रकरणं लोंबकळलीच. खासदारांच्या पत्राला काही आठवड्यांनी लेखी उत्तर आलं. मालक नसेल तेव्हा पडताळणी कशी करायची, कोणते कागद चालतील, हे त्यात होतं. सभागृहात दोन मिनिटांत विचारायच्या गोष्टीला पत्रातून दोन महिने लागले. त्या उत्तरावर काही प्रकरणं सुटली, काही अजून सुरू आहेत.

आणि अक्का? त्यांचं काम संसदेमुळे झालंच नाही. त्यांच्या धाकट्या भावाला घर बदलताना ट्रंकेत त्यांचा तेलुगू शाळेतला दुसरीचा दाखला सापडला. जन्मतारीख आणि माहेरचं नाव, दोन्ही त्यावर. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, आणखी चार हेलपाटे. पेन्शन सुरू झाली तेव्हा अक्का साखर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘तुझ्या दिल्लीपेक्षा माझी ट्रंक बरी.’

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक खरा प्रश्न पूरकसाठी राखून ठेवण्याची. छापील प्रश्नाला उत्तर मिळतंच, सभागृह चालो न चालो. पूरक प्रश्न मात्र सोडतीतला क्रमांक, घड्याळ आणि त्या दिवशीचा गोंधळ, या तिन्हींवर अवलंबून. सही कोणाची, हे एक वाक्य छापील प्रश्नात असतं तर दोन महिने वाचले असते.

दुसरं, एकाच खासदारावर आणि एकाच सभागृहावर सगळं टाकायला नको होतं. राज्यसभेत प्रश्नोत्तराचा तास २०१४ पासून दुपारी १२ ला असतो. तोच विषय तिथून वेगळ्या शब्दांत अतारांकित म्हणून गेला असता तर विडीचा वेगळा आकडा कदाचित तेव्हाच मिळाला असता. याचिकेचा अर्ज पहिल्या दिवशीच टाकायला हवा होता, हेही.

टीव्ही लावण्याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. माझं मत, बायकांना बोलवायलाच नको होतं. बोलवायचं तर अकराव्या क्रमांकाचा अर्थ आधी सांगायला हवा होता. एका तरुण कार्यकर्तीचं म्हणणं वेगळं. त्या दिवशी खोलीत बसलेल्या बायकाच पुढे अर्जाला ते पान जोडायला आग्रहाने यायच्या, ‘आपल्या प्रश्नाचा कागद’ म्हणून. तिचंही खोटं नाही.

पुढच्या अधिवेशनासाठी नवा मसुदा तयार आहे. अतारांकित, चार भाग. बंद कारखाने पहिल्याच भागात. ‘विडी कामगारांचे’ हे शब्द चारही भागांत, शब्दमर्यादेची कितीही ओढाताण झाली तरी. एकूण शब्द १४२. मी तो अक्कांना वाचून दाखवला. सुपातून नजर वर न काढता त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ह्याला टीव्ही लावायचा न्हाई ना?’